शून्यावरचं नाव

मागून हाक आली तेव्हा वच्छलाबाईंची कळशी अर्धी भरली होती. टँकर फाटकाशी उभा होता, त्याचा जाड पाईप सोसायटीच्या हौदात सोडलेला होता, आणि मागच्या बारीक तोटीखाली प्यायच्या पाण्याची भांडी एकेक करून लागत होती. "दगडे!" एवढीच हाक. फार मोठ्यानं नव्हे. बांधावरून पलीकडच्या माणसाला मारावी तशी, शेवट जरा लांबवून, सहज. रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. टँकरच्या ड्रायव्हरनंही पाहिलं. वच्छलाबाई तेवढ्या वळल्या नाहीत. त्या कळशीतल्या धारेकडे बघत राहिल्या. धार पाण्यात शिरत होती तिथं एक पांढरा खळगा पडत होता, आणि त्या खळग्याचा आवाज एकाएकी फार मोठा झाला. मानेमागं, अंबाड्याखाली घाम साचतो तिथं, कुणी ओलं बोट टेकवल्यासारखं त्यांना वाटलं. "बाई, ते आजोबा कुणाला बोलावतायत?" तिसऱ्या मजल्यावरच्या मृण्मयीच्या आईनं विचारलं. "कोण जाणे," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि भरलेली नसतानाच कळशी उचलली. वळल्यावर मात्र बघावंच लागलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, भिंतीला एक हात लावून, त्यांचा थोरला भाऊ कडुबा उभा होता. दुसऱ्या हातात रिकामी बादली होती. मदतीला म्हणून तो खाली आला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. माणसं त्याला धुरातून दिसावीत तशी दिसत होती, पण आवाज नेमका कुठून येतो ते त्याला कळत होतं. "कोण जाणे" हे शब्द जिथून आले होते तिकडे तो बघत होता. मग त्यानं बादली पायरीवर ठेवली, भिंत चाचपत मागं वळला आणि जिना चढू लागला. लिफ्ट होती, पण ती त्याला आवडत नव्हती.

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तो उन्हाळा होता. बीड बायपासच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींच्या बोअरमधून आधी गढूळ पाणी आलं, मग हवा आली, मग तीही बंद झाली. बांधकामं अर्ध्यावर थांबली होती. सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांच्यापलीकडं बायपासलगतच्या सातारा गावचे डोंगर उन्हात पांढरे पडले होते. कडुबा कन्नडजवळच्या गावाहून आदल्या संध्याकाळी एसटीनं आला होता, उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. दिवस उद्याचा ठरला होता. किती वर्षं वच्छलाबाई त्याला बोलावत होत्या आणि तो "सुगी होऊ दे," "म्हैस विऊ दे" असं काही तरी सांगून टाळत होता. यंदा ना सुगी होती ना म्हैस, म्हणून आला. आणि आता, वच्छलाबाई स्वयंपाकघरात कळशी ठेवतात तोच, काकासाहेब दाराशी येऊन उभे राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं त्यांना नावानं हाक मारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. "ऐकलं का," काकासाहेब म्हणाले, "तुमचे बंधुराज पिशवी भरून बसलेत. उन्हं उतरली की कन्नडची गाडी धरतो म्हनतेत." "आणि उद्याचं ऑपरेशन?" "तेच इचारलं. म्हनले, डोळ्याचं काय घेऊन बसलात दाजी, दिसायचं ते दिसलं." सकाळी काकासाहेब गच्चीवर टाकीचा कॉक बघायला गेले होते, त्यामुळे खाली काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. "झालं काय?" "काही नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "काही नाय तर मग ह्यो मानूस आता गेला तर परत यायचा नाय, यवढं ध्यानात असू द्या. आन डॉक्टर काय म्हनले ते तुम्हीच सांगितलं व्हतं मला. आणखी उशीर केला तर डोळाच जाईल."

ते त्यांना ध्यानात होतं. दुपारभर दुसरं काही ध्यानात नव्हतं. पण दिवाणखान्यात जाऊन कडुबासमोर उभं राहायचं आणि काय म्हणायचं? तो दिवाणावर बसला होता, पायाशी पिशवी, तोंड भिंतीकडे. जेवायला वाढलं तेव्हा जेवला. "भाजी चांगली झाली," म्हणाला, पण कुणाला म्हणाला ते कळलं नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी बोलता येतं. वच्छलाबाईंना वाटलं, आपण ओ दिली नाही असं नाही, ओ यायची जागाच सापडली नाही. ती हाक कानात शिरली, आत गेली, आणि आत जाऊन कुठल्या तरी बंद खोलीच्या दारावर आपटली. त्या खोलीत अजून कुणी राहतं हे त्यांनाच माहीत नव्हतं.

तिथं दगडा राहत होती. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून जिला असं नाव दिलं की मृत्यूनंसुद्धा नाक मुरडून पुढं जावं, ती. गावात अशी नावं पुष्कळ होती; कुणी कडुबा, कुणी धोंडिबा, आणि त्यात कुणाला काही वाटत नसे. वाटू लागलं ते बहात्तरच्या दुष्काळात. तेव्हा सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतं, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी फडक्यात बांधून. दगडा नववी पास होती, अठरा वर्षांची होती, आणि हातात हातोडी होती. मुकादम हजेरी घ्यायचा. तिचं नाव आलं की थांबायचा, पान एका गालातून दुसऱ्या गालात सारायचा आणि म्हणायचा, "वा! दगडाच दगड फोडायली." सगळे हसायचे. उपाशीपोटी माणसं कशाला हसतील याचा नेम नसतो. रोज तोच विनोद आणि रोज तेच हसणं. तिच्याशेजारी बसलेला कडुबासुद्धा एकदा हसला होता, मग तिच्याकडे बघून गप्प झाला होता. ती खडी आता कुठं असेल? त्याच रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, त्याच रस्त्यानं काल कडुबाची एसटी आली. खाली, सगळ्यांत खाली, तिनं फोडलेले तुकडे अजून तसेच, धारदार, एकमेकांत रुतून बसलेले असतील. हे मनात आलं की वच्छलाबाई चालताना पाय जपून टाकायच्या. ते दुःख नव्हतं, एक प्रकारची भीतीच होती, आपल्या पायाखाली काय काय आहे याची.

मग लग्न. ताटात तांदूळ पसरले होते आणि काकासाहेबांच्या हातात सोन्याची अंगठी दिली होती. त्या अंगठीनं त्यांनी तांदळात अक्षरं ओढली, व, च्छ, ला, आणि जोडाक्षराशी अडखळले तेव्हा बायका हसल्या. ती डोकं वाकवून बसली होती. मुंडावळ्यांच्या झिरमिळ्यांतून तिनं त्या ताटाकडे बघितलं, आणि तिला एवढंच दिसलं होतं की लिहायच्या आधी तांदूळ अगदी सपाट होते. काही पुसावं लागलं नाही. कुणी खोडलं नाही. नवं नाव जणू रिकाम्या जागेवर लिहिलं गेलं. किती हलकं वाटलं होतं तेव्हा! त्याच रात्री तिनं मनात ते नाव वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं होतं, सासूच्या, जावेच्या, बाजारातल्या बाईच्या. मुकादमाच्या आवाजात म्हणून पाहिलं तर त्याला थांबावंच लागेना. पुढं काकासाहेबांनी शिकवलं, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्या, पोरांनी त्यांच्या नावाला "बाई" जोडलं, आणि मग नुसतं "बाई"च उरलं. त्यांच्या वर्गातही कडुबा होते, एक दगडाबाईसुद्धा होती, आणि त्या मुलीचं नाव घेताना वर्गात कुणाची खुसखुस करायची हिंमत नसे, असं त्यांनी बघितलं होतं. पण त्या पोरीला जवळ घेऊन, अगं, मीपण, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. गावी गेल्या की कडुबा "दगडे" म्हणायचा. गावच्या हवेत ते चालून जायचं. शहरात ते नाव आजवर एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं.

दुपारची झोप झाली नाही तोच पोरं आली. हा त्यांचा सुट्टीतला वर्ग. निवृत्तीच्या आधी सरकारनं सगळ्या शिक्षकांना कॉम्प्युटरची परीक्षा द्यायला लावली होती. इतरांनी ती देऊन सोडून दिली, वच्छलाबाईंना मात्र ते वेडच लागलं. मुलगा विश्वजीत लोकांच्या वेबसाइट करून द्यायचा. त्याच्याकडून त्या रात्री जेवणानंतर पीएचपी, म्हणजे वेबसाइट लिहायची भाषा, शिकल्या, आणि त्याचा जुना कॉम्प्युटर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लावून त्यांनी कॉलनीतली पोरं गोळा केली. नात श्रेया, वरच्या मजल्यावरची मृण्मयी, समोरच्या इमारतीतला सुयश. कूलरमध्ये घालायला पाणी नव्हतं, त्यामुळे तो नुसता कोरडा वारा फेकत होता. दिवाणावर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या म्हाताऱ्याकडे पोरांनी एकदा पाहिलं, आवाज बारीक केला, आणि कॉम्प्युटर सुरू झाल्यावर पुन्हा मोठा केला. वच्छलाबाईंना बरं वाटलं. पोरांना काही समजावून सांगताना त्यांना स्वतःचा विसर पडत असे, आणि आज त्यांना तेच हवं होतं.

पोरांनी एक पान तयार करायला घेतलं होतं: टँकर आला की कुठल्या घराची पाळी, आणि त्या घरातून पाण्याला कोण येणार. एका तक्त्यात घरं, प्रत्येक घरापुढं ते ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव. दुसऱ्या तक्त्यात पाळ्या, प्रत्येक पाळीपुढं पाणी भरणाऱ्याचं नाव. दोन्ही तक्ते जोडून प्रश्न विचारायचा आणि आलेलं उत्तर पानावर मांडायचं. उत्तर कसं येतं हे बाईंनी मागच्या आठवड्यात खाली टँकरजवळच शिकवलं होतं. "टँकर दारात आला म्हणजे घरात पाणी आलं का?" "नाही!" "मग?" "कळशी लावायची." "तस्सं. प्रश्न विचारला की उत्तर टँकरसारखं दारात येऊन उभं राहतं. पण हातात काही नसतं. 'फेच' म्हटलं की एक ओळ हातात येते. पुन्हा 'फेच', पुढची ओळ. संपेपर्यंत मागत राहायचं." आणि ती एक ओळ ज्यात येते तो अॅरे दाखवायला त्यांनी स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा आणला होता. सात वाट्या. वाट्यांना आकडे देता येतात, शून्यापासून. नाही तर चिठ्ठ्या चिकटवता येतात, हळद, तिखट, मोहरी. "आकड्यानं काढा, नाही तर नावानं काढा." पोरांनी अर्थातच नावानं काढायचं ठरवलं. आकडे कोण लक्षात ठेवणार?

"बाई, हे बघा ना, काय झालंय," श्रेया म्हणाली. घरी ती आजी म्हणायची, वर्गात बाई. पडद्यावर पान उघडलं होतं. घर, आणि त्यापुढं पाणी भरणारा. पण पाणी भरणाऱ्यांत सगळ्या घरांचे मालकच आले होते. "सगळे बाबाच!" सुयश खुर्चीवर उड्या मारायला लागला. "माझे पप्पा पाणी भरतात म्हणे! पप्पांनी आयुष्यात कळशी उचलली नाही." "आमच्याकडं तर आजोबा आलेत," मृण्मयी म्हणाली, "आजोबा तर मागच्या वर्षी वारले." "मग तेच भरत असतील, म्हणून पाणी पुरत नाही," सुयश म्हणाला आणि मृण्मयीनं त्याला चिमटा काढला. "माझं नाव टाकलं होतं मी," श्रेया म्हणाली. "आईचं, माझं, सगळ्यांचं. गेलं कुठं? चूक दाखवत पण नाहीये, बाई. काहीच तक्रार नाही त्याची."

वच्छलाबाई पुढं वाकल्या. काय झालं असेल ते त्यांना लगेच उमगलं, विश्वजीतनं एकदा सांगितलं होतं, आणि तरी त्या तशाच वाकून राहिल्या. "दोन्ही तक्त्यांत त्या खणाला तुम्ही काय म्हटलंय?" "नाव." "इथंही नाव, तिथंही नाव?" "नावाला नावच म्हणणार ना, बाई." "बरोबर. आता डबा आठवा. एका वाटीवर चिठ्ठी आहे, 'नाव'. आधी पाणी भरणाऱ्याचं नाव आलं, त्या वाटीत पडलं. मग घरवाल्याचं आलं. त्याच्याही कपाळावर 'नाव'च लिहिलंय. ते कुठं जाणार?" "त्याच वाटीत," मृण्मयी म्हणाली. "आणि आधीचं?" सुयश उड्या मारायचा थांबला. "एका चिठ्ठीची वाटी एकच. शेवटी जे येतं ते राहतं." हे बोलताना वच्छलाबाईंना आपला आवाज वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून यावा तसा ऐकू आला. शेवटी जे येतं ते राहतं. तक्रार नाही, खोडाखोड नाही. सपाट तांदळावर लिहिल्यासारखं. दिवाणाकडून काही हालचाल झाली नाही, पण कडुबा ऐकतो आहे हे त्यांना पाठीला कळत होतं, जशी शेकोटी मागं असली की कळते.

"मग आमची नावं पुसली गेली?" श्रेयाच्या आवाजात खरी काळजी होती. "सगळी परत भरायची?" "नावानं मागू नका," वच्छलाबाई म्हणाल्या. "एकदा आकड्यानं मागून बघा. आकडा प्रत्येक खणाला वेगळा असतो." सुयशनं एक शब्द बदलला. प्रश्न तोच, तक्ते तेच. फक्त ओळ हातात घ्यायची रीत बदलली. त्यानं बोट आपटलं. पान कोरं झालं, क्षणभर तसंच राहिलं, आणि मग एकेक ओळ वरून खाली उतरली. शून्यावर श्रेया, एकवर काकासाहेब. शून्यावर सुयश, एकवर त्याचे पप्पा. शून्यावर मृण्मयी, एकवर तिचे आजोबा. पोरं एकदम ओरडली आणि पडद्याला नाक लागेल इतकी पुढं सरकली. "हे इतका वेळ कुठं होतं?" मृण्मयीनं विचारलं. "इथंच होतं," वच्छलाबाई म्हणाल्या. ही साधी गोष्ट होती, कुठल्याही पुस्तकात असते तशी, आणि तरी ती पुढ्यात घडताना बघून त्यांच्या अंगावर काटा आला. दोन्ही नावं एकाच ओळीत शेजारीशेजारी उभी होती, एकमेकांना धक्का न लावता. दुसऱ्यानं पहिल्याला ढकललं नव्हतं, पहिलं रुसून गेलं नव्हतं. वरून कुणी तरी चिठ्ठी चिकटवली होती आणि आपण चिठ्ठीपुरतंच बघत होतो. या पत्र्याच्या खोक्यात, या धुळीच्या, निर्जळी उन्हाळ्यात, एवढं औदार्य कुठून आलं असेल? लहानपणी प्रथमच विहिरीत डोकावताना खाली दिसलेलं आभाळ त्यांना आठवलं. आपण वर बघायचं ते खाली कसं, या नवलानं त्या तेव्हाही अशाच काठाला धरून उभ्या राहिल्या होत्या, आणि मागून कुणी तरी परकराला घट्ट धरून ठेवलं होतं. कुणी? अर्थात कडुबानं.

"आजोबा," सुयश एकदम दिवाणाकडे वळला. पान चालल्यामुळे तो खुशीत होता आणि खुशीत असला की त्याला काहीही विचारायचं असे. "सकाळी तुम्ही 'दगडे' कुणाला म्हणालात? मृण्मयीची मम्मी विचारत होती." कडुबानं तोंड वळवलं नाही. मग तो भिंतीलाच म्हणाला, "म्हशीला." "म्हशीला?" "आमची म्हैस व्हती. दगडी तिचं नाव. यंदा चारा नव्हता तर इकून टाकली. टँकर बघितला, आन आली आठवन. तोंडातून निघून गेलं." पोरं खो खो हसली. "आजोबा, इथं म्हैस दुसऱ्या मजल्यावर ठेवावी लागेल!" श्रेया म्हणाली. "लिफ्टमध्ये मावंल का?" सुयश म्हणाला. "मावंल की," कडुबा म्हणाला, "तुझ्यासारखं वळू मावतंय तर म्हैस का नाय मावायची?" आणि पोरं आणखी हसली. तोही हसला, थोडासा, खांदे हलण्यापुरता. त्याचं हसणं वच्छलाबाईंना खडीच्या ढिगाजवळ ऐकू आलेल्या हसण्यासारखं वाटलं नाही. त्यानं त्यांना झाकलं होतं. पिशवी पायाशी घेऊन, जायला निघालेला असताना, जाताजाता बहिणीवर धडुतं टाकावं तसं.

"मला म्हणाला तो," वच्छलाबाई म्हणाल्या.

पोरं हसताहसता थांबली. "माझं नाव दगडा. लग्नात बदललं." त्यांनी हे मृण्मयीकडे बघून सांगितलं, कारण तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांत कमी हसू होतं. काय होईल असं वाटलं होतं त्यांना? चाळीसहून जास्त वर्षं ज्याची धास्ती घेतली ते काय होतं? सुयश म्हणाला, "खरंच? भारीये. बाई, मग तुम्हाला दोन खण लागतील," आणि पुन्हा पडद्याकडे वळला. श्रेया मात्र तशीच बघत होती. "आजी," ती वर्ग विसरून म्हणाली, "दगडा का पण?" "माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून. असं नाव ठेवलं की लेकराला नजर लागत नाही, मरण त्याच्याकडे बघत नाही, असं मानायचे." "भावंडं होती तुला? कडुआजोबांशिवाय?" "होती." "त्यांची नावं काय होती?"

वच्छलाबाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं, शिक्षकाच्या सवयीनं, आणि आत काहीच नव्हतं. रिकामं. त्या पोरांपासून वळल्या. बासष्टाव्या वर्षापर्यंत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. "आधीची जगली नाहीत" हे वाक्य जन्मापासून ऐकलं होतं, पण त्या वाक्यात माणसं असतील, माणसांना नावं असतील, हे मनात आलं नव्हतं. आई गेली, वडील गेले, आत्या गेली. ती नावं आता या पृथ्वीवर एकाच ठिकाणी होती, दिवाणावर, भिंतीकडे तोंड करून, पायाशी पिशवी घेऊन.

त्या उठल्या आणि त्याच्या पुढ्यात फरशीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. "दादा," त्या म्हणाल्या, आणि भाषा आपोआप गावची झाली, "माझ्या आधी जी गेली, त्यांची नावं काय व्हती?" कडुबानं आता तोंड वळवलं. धुरकट बाहुल्या त्यांच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला येऊन थांबल्या. "तुला ठावं नाय?" "नाय." "आईनं सांगितलं नाय?" "म्या कधी इचारलंच नाय." तो दिवाणाच्या कडेला सरकला. श्रेयानं कॉम्प्युटरचा आवाज बंद केला. "राजाराम," तो म्हणाला. "थोरला. माझ्याबी आधीचा. म्या बघितला नाय त्याला. लई गोरा व्हता म्हनं. त्यो गेला, म्हनून मी कडू."

"मग?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"मग मी. माझ्यामागं मैना. गोवरात गेली. तिला बोलता येत नव्हतं, पन मोर आला की दोन्ही हात असे वर करायची." खाली फाटकाशी रिक्षाचा हॉर्न वाजला. आतल्या खोलीतून काकासाहेब टोपी घालत बाहेर आले, पिशवी उचलायला वाकले, आणि फरशीवर बसलेली बायको, दिवाणाच्या कडेला येऊन बसलेला मेहुणा आणि जागच्या जागी थिजलेली पोरं बघून तसेच सरळ झाले. ते गॅलरीत गेले. "जा रे बाबा, सवारी नाय," त्यांचा आवाज आला. "बोलावलं कशाला मग काका?" "चुकलं माझं. जा."

"मग?"

"सर्जेराव. त्यो बारशानंतर आठ दिस बी ऱ्हायला नाय. त्याचं तोंड मला आठवत नाय, टाळू आठवती. अशी उडायची." कडुबानं हवेत बोटानं दाखवलं, अगदी हलकं, वर-खाली.

"मग?"

"चंपा." आता तो थांबला नाही. "चंपाच्या टायमाला मी जानता व्हतो. कडेवर मीच घ्यायचो तिला, आई रानात. शेंगदान्याची सालं काढून दिली तरच खायची. आन सालं फुंकायची. फू. तिला चालायला आलं व्हतं. आठवड्याच्या बाजारादिवशी सकाळी ताप आला आन दिवे लागायला गेली. बाजारातनं मी तिला कचकड्याची बांगडी आनली व्हती."

ही माणसं इतकी वर्षं कुठं होती? एकेक वर येत होतं, विचारलं की येत होतं, आणि जो आणत होता त्याला आठवायला जोर लावावा लागत नव्हता. सगळी त्याच्या आत रांगेत उभी होती, जशी गेली त्याच क्रमानं, आणि कुणी विचारलं नाही म्हणून गप्प होती.

"मग?"

"मग तू," कडुबा म्हणाला. "तुझ्या बारशाला आत्या आलीच नाय. भ्याली. मैनाच्या, सर्जाच्या, चंपाच्या, सगळ्यांच्या कानात तिनंच नाव सांगितलं व्हतं. म्हनली, माझ्या तोंडचं नाव लेकरांना लागत नाय, मी येनार नाय. बायाबी आल्या नाय. पाळना बांधलेला, घुगऱ्या शिजलेल्या, आन घरात आम्ही तिघं. आईनं मला हाक मारली. म्हनली, कडू, तूच सांग रे हिच्या कानात. म्या इचारलं, काय सांगू? म्हनली, तुला वाटंल ते. मला काय कळतंय, आठ वर्साचं पोरगं मी. म्या भाईर बघितलं. दारात उखळाचा दगूड पडलेला. आदल्या साली नदी घरात शिरली तवा भांडी गेली, कोंबड्या गेल्या, त्यो तिथंच. म्या म्हनलं, ह्याला कुनी उचलून नेत नाय." त्याचे ओठ हलत राहिले. "दुसरं काय यवढं बळकट नव्हतं आपल्या घरात, दगडे."

"ओ," वच्छलाबाई म्हणाल्या. तो शब्द इतका लहान होता की पोरांना तो ऐकू आला नसावा.

"पाळन्याच्या दोरीला लटकून वाकलो, आन सांगितलं. तू रडत व्हतीस ती गप झालीस."

"कोणत्या कानात?"

कडुबानं हात उचलला. बोटं हवेत जरा भांबावली, त्यांच्या कपाळाला लागली, चष्म्याच्या काडीवरून सरकत मागं गेली, आणि तिथं थांबली. "ह्या," तो म्हणाला.